खडकावरची लाट आणि जवसाचे तेल



लाकडाच्या व्यापाराने ज्या पेठेला तिचे नाव दिले, त्या लकडगंजात समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे विपरीतच वाटेल. येथून मुंबईचा किनारा आगगाडीने ८०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे; आणि आज आम्ही ज्या किनाऱ्यावर आपणांस नेणार आहोत, तो तर जपानचा आहे. तेथे एका तरुण चित्रकाराने १९०४ सालच्या उन्हाळ्यात काही खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा रंगविल्या. चित्र तैलरंगांतले आहे. त्या चित्राच्या निमित्ताने एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, असा आमचा मानस आहे. दुसऱ्याच्या घरून आलेली विद्या आपली केव्हा होते, हा तो प्रश्न. जपानने तो सोडविला तसाच आपल्या महाराष्ट्रानेही सोडविला; परंतु आपल्याला त्याचा म्हणावा तसा अभिमान वाटला नाही.

समुद्रापाशी जाण्यापूर्वी जरा आपल्याच शेतात डोकावू या. तैलरंग म्हणजे काय? रंगाची बारीक पूड तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. परंतु कोणतेही तेल त्या कामी येत नाही. शेंगदाण्याचे तेल वाटीत ठेवले तर ते खवट होईल, पण सुकणार नाही. जवसाच्या तेलाचे तसे नाही. त्याचा पातळ थर दिला, तर ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि काही दिवसांत त्याचा टणक, चकचकीत पापुद्रा बनतो. रंगाचा कण त्या पापुद्र्यात अडकून बसतो तो शतकानुशतके. युरोपातल्या चित्रकारांनी पंधराव्या शतकापासून ज्या तेलावर आपले वैभव उभे केले, ते मुख्यतः हेच जवसाचे तेल. आपण विदर्भातील माणसे जवसाची चटणी खातो; सुतार मंडळी तेच तेल उकळून ‘बेल तेल’ म्हणून लाकडाला लावतात. इंग्रजी अमदानीत नागपूर-वर्ध्याकडचा जवस पोत्यापोत्यांनी मुंबई बंदरातून विलायतेला जात असे. आता त्याचा पेरा पुष्कळ घटला आहे. तेव्हा ‘तैलचित्र ही परक्यांची कला’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा निदान त्यातले तेल तरी परके नाही, एवढे आपण लक्षात ठेवावे.

पण कोणी म्हणेल, तेल आपले असले तरी त्यात रंग घोटून चित्र काढण्याची युक्ती तर पाश्चात्त्यांचीच ना? येथेही इतिहास आपल्याला थबकावयास लावतो. अफगाणिस्तानातील बामियानच्या भव्य बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या, हे आपणांस स्मरत असेल. त्या मूर्तींच्या मागील आणि आसपासच्या डोंगरांत भिक्षूंच्या गुहा आहेत व त्यांत भित्तिचित्रे आहेत. मूर्ती गेल्यावर उरलेली चित्रे वाचविण्यासाठी जपानी संशोधक तेथे गेले. त्यांनी व त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी रंगाच्या कणांची परीक्षा केली, आणि २००८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ५० गुहांपैकी १२ गुहांतल्या चित्रांत सुकणारे तेल वापरलेले आढळले. ते बहुधा अक्रोडाचे किंवा खसखशीचे असावे. त्यांतील काही चित्रे सातव्या शतकाच्या मध्याची आहेत. युरोपात तैलचित्रण भरास आले त्याच्या कितीतरी शतके आधी आशिया खंडातील बौद्ध चित्रकार तेलात रंग कालवीत होते!

खुद्द जपानातही ‘मित्सुदा-ए’ नावाची एक जुनी रीत होती. तेलात शिशाची एक भस्मासारखी पूड घालून ते लवकर सुकेल असे करावयाचे आणि त्यात रंग मिसळावयाचे. नारा येथील शोसोइन या राजभांडारात आठव्या शतकातील ज्या वस्तू जतन केल्या आहेत, त्यांतील काहींवर हे काम दिसते. या ‘मित्सुदा’ शब्दाचे मूळ फारसी ‘मुर्दासंग’ या शब्दात आहे. तोच शब्द आपल्याकडे ‘मुरदाडशिंग’ होऊन वैद्यांच्या व गांध्यांच्या दुकानी आला. एकच शब्द एका वाटेने नाराला गेला आणि दुसऱ्या वाटेने महाराष्ट्रात आला. कला आणि कारागिरी यांचे प्रवास असे असतात. त्यांना सरहद्दीवर थांबवून ‘तू कुणाची?’ असे विचारणारा मनुष्य बहुधा उशिरा येतो.

पुढे जपानात ही जुनी रीत मागे पडली आणि शाई, रेशीम व कागद यांचेच राज्य झाले. सतराव्या शतकात जपानने परदेशी लोकांना दारे बंद केली. नागासाकीच्या बंदरात एका लहानशा बेटावर डच व्यापाऱ्यांना तेवढे राहू दिले. १७२० साली परदेशी ग्रंथांवरचे निर्बंध सैल झाले आणि डच पुस्तके, त्यांतील ताम्रपटावरून छापलेली चित्रे, हळूहळू जिज्ञासू लोकांच्या हाती पडू लागली. त्यांपैकी एक शिबा कोकान. १७४७ ते १८१८ हा त्याचा काळ. हा गृहस्थ मोठा खटपटी. कोणी गुरू नसताना, डच ग्रंथांच्या आधारे, त्याने ताम्रपटावर चित्र कोरून छापण्याची विद्या १७८३ साली साधली. मग तो तैलरंगांकडे वळला. जवसासारख्याच सुकणाऱ्या एका देशी बियांच्या तेलात त्याने रंग घोटले आणि १७९६ साली ‘शिचिरिगाहामा’ या समुद्रकिनाऱ्याचे चित्र काढले. लांबवर वळत गेलेला किनारा, फुटणाऱ्या लाटा, एनोशिमाचे बेट आणि पलीकडे फुजी पर्वत. हे चित्र त्याने एदोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, अतागो देवस्थानाला अर्पण केले. देवळात येणाऱ्या जाणाऱ्याला ते दिसे. ते आता कोबे शहराच्या संग्रहालयात आहे.

नव्या विद्येचे पहिले फळ त्याने देवापुढे ठेवले, आणि विषय घेतला तो आपल्या डोळ्यांसमोरच्या किनाऱ्याचा. हॉलंडचे कालवे आणि पवनचक्क्या काढणे त्याला अवघड नव्हते, कारण त्याच्यापुढचे नमुने तेच होते. पण किनारा त्याने आपला निवडला.

कोकाननंतरचा मोठा मानकरी ताकाहाशी युइची. हा १८२८ साली एका सामुराई घराण्यात जन्मला. पाश्चात्त्य पद्धतीचे एक छापील चित्र त्याने तरुणपणी पाहिले आणि त्यातील वस्तूंचा खरेपणा पाहून तो झपाटला. शिकविणारा सापडेना. अखेर वयाच्या अडतिसाव्या वर्षी, १८६६ साली, तो योकोहामा बंदरात राहणाऱ्या चार्ल्स वर्गमन या इंग्रज वार्ताहर-चित्रकाराच्या दारी गेला आणि त्याचा शिष्य झाला. दोरीला टांगलेला, अर्धा कापलेला खारवलेला मासा त्याने १८७७च्या सुमारास रंगविला. जपानात आज ते चित्र राष्ट्राचा ठेवा मानले जाते. त्यानेही शिचिरिगाहामा आणि एनोशिमा यांचे किनारे रंगविले. पैशाची चणचण पडली तेव्हा त्याने आपली चित्रे शिकोकू बेटावरील कोन्पिरा देवस्थानाला अर्पण केली आणि देवस्थानाने त्याच्या चित्रशाळेला साहाय्य केले. त्याची २७ चित्रे आजही तेथे आहेत. कोन्पिरा हा दर्यावर्दी लोकांचा रक्षक देव. त्याचे नाव कोठून आले? संस्कृत ‘कुंभीर’ या शब्दातून! गंगेतली आपली मगर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचली आणि तेथे खलाशांची देवता होऊन बसली. जपानी माणसाने तिला परकी म्हणून हाकलले नाही, आणि तिच्या देवळात इंग्रजाकडून शिकलेल्या तैलचित्रांनाही जागा दिली.

परंतु वाद झालाच. १८६८ नंतरच्या मेइजी राजवटीत पाश्चात्त्य विद्येचे वारे जोराने वाहू लागले. १८७६ साली सरकारने कलाशाळा काढून तिच्यासाठी इटलीहून शिक्षक आणविले. पण थोड्याच वर्षांत वारे फिरले. ‘आपले ते टाकून परक्याचे घेता?’ अशी हाकाटी उठली. १८८२ सालच्या सरकारी चित्रप्रदर्शनात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रांना प्रवेशच नाकारण्यात आला. १८८३ साली ती इटालियन शिक्षकांची शाळाही बंद झाली. टोकियोची नवी कलाशाळा १८८९ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात तैलचित्रणाचा वर्गच नव्हता. ती घडविणाऱ्यांत प्रमुख होते ओकाकुरा. हेच ओकाकुरा पुढे १९०२ साली भारतात राहिले, ठाकूर घराण्याशी त्यांचा स्नेह जडला आणि आशियाच्या एकात्मतेचा पुरस्कार करणारा त्यांचा ग्रंथ १९०३ साली लंडनहून निघाला. त्यांच्या मागोमाग योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. अवनींद्रनाथांच्या चित्रांत जी धूसर, ओली छटा आपण पाहतो, तिला या भेटीने वळण दिले.

टोकियोच्या शाळेत तैलचित्रणाला दार उघडले ते १८९६ साली. तेथे आचार्य म्हणून आले कुरोदा सेइकी. कुरोदा पॅरिसला गेले होते कायदा शिकण्यास आणि १८९३ साली परतले ते चित्रकार होऊन. खोलीतल्या तपकिरी अंधारातून चित्राला त्यांनी उघड्या उन्हात आणले. त्यांच्या चित्रांतल्या सावल्या काळ्या नसत. त्या जांभळ्या असत. म्हणून लोक थट्टेने त्यांच्या मंडळींना ‘जांभळा पंथ’ म्हणत. या कुरोदांच्या हाताखाली शिकला तो आमच्या आजच्या कथेचा नायक, आओकी शिगेरू.

आओकीचा जन्म १८८२ सालचा, क्यूशू बेटावरील कुरुमे गावचा. घराणे सामुराईंचे, पण नव्या राजवटीत सामुराईंचे दिवस फिरलेले. हा मुलगा शाळा अर्धवट सोडून १८९९ साली टोकियोस आला. वाचनाचा त्याला भारी नाद. जपानच्या पुराणकथा तर त्याने धुंडाळल्याच, पण त्याची नजर भारतापर्यंतही पोहोचली होती. १९०३ साली त्याने पुराणविषयक चित्रांचे आराखडे प्रदर्शनात मांडले आणि विद्यार्थी असतानाच पारितोषिक मिळविले. त्याच वर्षाच्या त्याच्या एका चित्राचे नाव आहे ‘जैमिनी’. होय, मीमांसासूत्रे रचणारे आपले जैमिनी! कुरुमेच्या एका एकवीस वर्षांच्या मुलाला, पॅरिसहून आलेल्या रंगांनी, भारतीय ऋषीचे चित्र काढावेसे वाटते, यात परके कोण आणि आपले कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९०४च्या जुलैत तो पदवीधर झाला आणि साकामोतो हान्जिरो, मोरिता त्सुनेतोमो आणि फुकुदा ताने या मित्रमंडळींसह बोसो द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला असलेल्या मेरा या कोळ्यांच्या गावी गेला. ही मंडळी एका कोळ्याच्या घरी उतरली. ते घर जतन केलेले असून आता चित्रकाराचे स्मारक झाले आहे. त्या उन्हाळ्यात जपान रशियाशी लढत होता. पोर्ट आर्थरला वेढा पडला होता. आपल्याकडेही, पुण्यामुंबईत आणि नागपुरात, त्या युद्धाच्या बातम्या लोक हावरेपणाने वाचीत होते. एक आशियाई राष्ट्र युरोपीय साम्राज्याला पाणी पाजते आहे, याचा आनंद कोणाला होणार नाही? त्याच दिवसांत हा तरुण रणगर्जनेपासून दूर, खडकावर बसून, दगड आणि पाणी पाहत होता.

मेराच्या सागराचे ते चित्र आकाराने मोठे नाही. क्षितिजाची रेघ कॅनव्हासवर फार उंच धरली आहे, त्यामुळे आकाश थोडे आणि पाणी पुष्कळ. तांबूस-तपकिरी खडक पाण्यातून वर आले आहेत. निळे आणि हिरवे पाणी त्यांच्यावर आदळते आणि पांढरे होऊन मागे सरते. रंग लहान लहान फटकाऱ्यांनी लावला आहे. जवळून पाहावे तर नुसते ठिपके आणि रेघोट्या दिसाव्यात, आणि चार पावले मागे सरकताच लाट हलू लागावी. चित्रात कथा नाही, पात्रे नाहीत, उपदेश नाही.

याच्या शेजारी आपल्या परिचयाचे एक चित्र मनात उभे करा. राजा रविवर्म्यांनी आपल्या आयुष्याच्या अखेरीस म्हैसूर दरबारासाठी जी पौराणिक चित्रे काढली, त्यांत समुद्राचे गर्वहरण करणारा राम आहे. तोही खडकाळ किनारा, त्याही खवळलेल्या लाटा, आणि तेही तैलरंगच. परंतु तेथे समुद्र हा कथेचा सेवक आहे. रामाने धनुष्य उचलले म्हणून लाटा उसळल्या आहेत आणि वरुण शरण यावा म्हणून पाणी दुभंगले आहे. दोन्ही चित्रे जवळजवळ एकाच काळची. एकाने परकी सामग्री घेऊन आपले पुराण डोळ्यांना दाखविले. दुसऱ्याने तीच सामग्री घेऊन आपल्या देशाचा एक दगड दाखविला. दोन्ही गोष्टी आपलेपणाच्याच आहेत. त्यांत डावेउजवे करण्याचा आमचा हेतू नाही.

आता कोणी टीकाकार म्हणेल की, आओकीचे हे फटकारे तरी फ्रान्सच्या मोनेचेच नव्हेत काय? मोनेने १८८६ साली बेल-ईल बेटावर असेच खडक आणि अशाच लाटा रंगविल्या होत्या, हे खरे. पण मोनेच्या घरी भिंतीवर काय लावलेले होते? जपानी छापचित्रे! चेरीच्या लाकडाचे ठसे कोरून छापलेली ती चित्रे युरोपात गेली, आणि तेथल्या चित्रकारांनी त्यांच्यापासून उंच क्षितिज, सपाट रंग आणि कडेला कापलेली रचना शिकून घेतली. त्या छापचित्रांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे होकुसाईची ‘मोठी लाट’, १८३१च्या सुमाराची. तिचा तो गहिरा निळा रंग कुठला? तो बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी शोधला गेलेला निळा, समुद्रमार्गे जपानला आलेला. म्हणजे पाहा, जर्मन निळा जपानी लाटेत शिरला, ती लाट फ्रान्सला गेली, तेथून नवी दृष्टी घेऊन कुरोदांबरोबर टोकियोस परतली आणि मेराच्या खडकावर फुटली. या देवघेवीत कोणाचे किती ऋण, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

याच मेरामध्ये आओकीने आपले सर्वांत गाजलेले चित्रही काढले. ‘समुद्राचे दान’ असे त्याच्या नावाचे मराठीकरण करता येईल. सुमारे १८२ सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच अशा पट्ट्यावर उघडे कोळी मोठाले शार्क खांद्यावर घेऊन ओळीने चालले आहेत. आणि त्या ओळीतला एकच गोरटा चेहरा आपल्याकडे वळून पाहतो. तो फुकुदा तानेचा, असे मानतात. गंमत अशी की, मासे उतरविण्याचा तो देखावा पाहिला साकामोतोने. त्याने घरी येऊन तो रंगवून सांगितला, आणि आओकीने ऐकीव गोष्टीवरून चित्र काढले. साकामोतोला हे मनाला लागले असते तरी नवल नव्हते. पण साकामोतो हा माणूस वेगळाच होता, हे पुढे दिसेल.

आओकीचे पुढले दिवस कष्टाचे गेले. १९०५ साली फुकुदा तानेपासून त्याला मुलगा झाला. हाच मुलगा पुढे शाकुहाची या बांबूच्या बासरीचा नामांकित वादक झाला. १९०७ साली टोकियोच्या औद्योगिक प्रदर्शनात आओकीने समुद्रतळीच्या राजवाड्याचे मोठे चित्र मांडले. हरवलेला गळ शोधीत समुद्राच्या तळाशी गेलेल्या राजपुत्राची ती पुराणकथा. त्याला तिसऱ्या श्रेणीचे बक्षीस मिळाले, तेही यादीच्या शेवटी. तो खचला. त्याच वर्षी वडील वारले. गावी परतला तर घरच्यांशी पटेना. क्यूशूच्या गावोगाव भटकत, मिळेल त्या पैशात चित्रे देत तो फिरला आणि २५ मार्च १९११ रोजी फुकुओका येथे क्षयाने गेला. वय अवघे अठ्ठावीस. नात्सुमे सोसेकी या थोर कादंबरीकाराने त्याच्या हयातीतच, १९०९ सालच्या आपल्या कादंबरीत, त्याच्या चित्राचा गौरवाने उल्लेख केला होता. पण कादंबरीतील उल्लेखाने कोणाचे पोट भरत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, म्हणजे टोकियोच्या शाळेच्या बत्तीस वर्षे आधी. तिचे एक आचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यातून तयार झाले. या प्रतिकृती कशात केल्या होत्या? कॅनव्हासवर तैलरंगांत! अजिंठ्याची ओळख आपल्याच मुलांनी त्या ‘परक्या’ माध्यमातून करून घेतली. त्यांतील पुष्कळ प्रतिकृती लंडनला पाठविल्या आणि १८८५ साली तेथील आगीत जळून गेल्या. पुढे जपानचे आराई काम्पो अजिंठ्यास आले, त्यांनी आपल्या पद्धतीने प्रतिकृती केल्या. त्याही १९२३च्या टोकियोच्या भूकंपात आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या दोन्ही देशांच्या श्रमांची राख झाली. मूळ चित्रे मात्र फर्दापूरच्या डोंगरात अजून आहेत.

आपल्याकडेही तोच वाद पेटला. कलकत्त्यास हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांनी देशी परंपरेचा झेंडा उभारला. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांवर कडक टीका केली. मुंबईच्या चित्रकारांना ‘साहेबाची नक्कल करणारे’ असे हिणविण्यात येऊ लागले. बंगालच्या मंडळींनी राष्ट्राला स्वत्वाची जाणीव करून दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे आणि ते आम्ही मानतो. परंतु ज्या जपानकडे बोट दाखवून तैलरंग त्याज्य ठरविले गेले, त्याच जपानात, त्याच वर्षांत, आओकी मेराचे खडक तैलरंगांत रंगवीत होता. आणि आज जपानी लोक त्याला ओकाकुरांच्या शिष्यांइतकेच आपले मानतात. ही बाजू आपल्या कानावर आलीच नाही. त्याचा परिणाम असा झाला की, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर अशा कलावंतांकडे आपणच बराच काळ जरा खाली मान घालून पाहिले.

त्यांतही आम्हांस विशेष आठवण होते ती कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची. जे. जे. कलाशाळेत शिकून हा गुणी पुरुष मुंबईत पैसा आणि कीर्ती यांच्या मागे लागला नाही. तो आपल्या गावी परतला. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ, एवढेच त्याचे जग. तेच पाणी तो पहाटे पाही, दुपारी पाही, सांजवेळी पाही. आणि प्रत्येक वेळी ते निराळे दिसे तसे रंगवी. विद्या मुंबईच्या इंग्रजी शाळेतली, पण पाण्यावरचे ऊन कोल्हापूरचे. १९३१ साली ते वारले. त्यांची पुष्कळ चित्रे नाहीशी झाली. कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांनी त्यांचे नाव जिव्हाळ्याने जपले म्हणून आज ते आपल्याला ठाऊक तरी आहेत.

येथे साकामोतोकडे पुन्हा येऊ. आओकी आणि तो एकाच गावचे, एकाच वर्षी जन्मलेले. मित्राचे चित्र गाजले, मित्र लवकर गेला. साकामोतो १९६९ पर्यंत जगला आणि स्वतः मोठा चित्रकार झाला. तरुणपणी तो कुरुमेच्या शाळेत काही काळ चित्रकला शिकवी. त्या वर्गात इशिबाशी शोजिरो नावाचा मुलगा होता. या मुलाने मोठेपणी कामकऱ्यांसाठी रबरी तळव्याची पादत्राणे काढली, आणि १९३१ साली मोटारींचे टायर करणारा ब्रिजस्टोन कारखाना उभारला. ‘इशी’ म्हणजे दगड, ‘बाशी’ म्हणजे पूल. आडनावाचेच इंग्रजी रूप उलटवून हे नाव केले. शिष्य धनवान झालेला पाहून गुरूने त्याच्यापाशी एक मागणे मागितले. ते स्वतःसाठी नव्हते. आओकीची चित्रे इकडे तिकडे विखुरत चालली आहेत, ती गोळा कर आणि त्यांना एक घर बांधून दे, एवढेच ते मागणे. इशिबाशींनी ते मनावर घेतले. त्यांचे संग्रहालय टोकियोत १९५२ साली उघडले, कुरुमेत दुसरे १९५६ साली. ‘समुद्राचे दान’ १९६७ साली राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित झाले. टोकियोचे ते संग्रहालय २०२० साली नव्या इमारतीत ‘आर्टिझॉन’ या नावाने पुन्हा सुरू झाले, आणि मेराचे खडक व लाटा तेथेच आहेत.

ज्या चित्रकाराला हयातीत पोटभर अन्न मिळाले नाही, त्याचा समुद्र आज एका राष्ट्राच्या मालकीचा झाला आहे. हे कोणामुळे घडले? एका मित्राने मत्सर गिळला, एका व्यापाऱ्याने शाळामास्तरांचा शब्द राखला, आणि लोकांनी ती चित्रे पाहण्यास गर्दी केली. विद्या परक्याची असो की घरची, ती आपली होते ती अशा तीन माणसांमुळे. एकाने ती शिकून आपल्या गावच्या दगडावर, पाण्यावर वापरावी; दुसऱ्याने तिचे मोल ओळखावे; तिसऱ्याने ती जपून ठेवावी. यांतला पहिला मनुष्य आपल्याकडे कमी नव्हता. दुसरा आणि तिसरा मात्र आपल्याला फार वेळा सापडला नाही.

हे सामर्थ्य नागपुरात नाही, असे कोणी म्हणू नये. १८६३ साली येथे उभे राहिलेले मध्यवर्ती संग्रहालय, आपला ‘अजब बंगला’, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. व्यापारउदिमात हे शहर मागे नाही. आणि जुन्या वाड्यांतल्या दिवाणखान्यांत धुळीने काळवंडलेली, कोणा आजोबांनी हौसेने काढवून घेतलेली तैलचित्रे अजून कोठे कोठे असतील. घर पाडताना, वाटणी होताना, भंगारवाल्याला फळी विकताना त्यांच्यावर एकदा नजर टाकावी. कोपऱ्यात चित्रकाराची सही शोधावी. ओल्या फडक्याने ती पुसू नयेत, जाणत्याला दाखवावीत. त्यांतल्या एखाद्यात आपल्याच अंबाझरीचे पाणी किंवा रामटेकच्या गडाचा दगड असण्याचा संभव आहे, आणि तो आपल्याच शेतातल्या जवसाच्या तेलात टिकून राहिलेला असेल.